एका ओळीतले सहा जण

रविवारी दुपारची जेवणं उरकली तरी टेबलावरून कोणी उठेना, तेव्हाच वहिनीनं ओळखलं, आता काहीतरी निघणार. या घरातली भांडणं नेहमी जेवणानंतरची. उपाशीपोटी भांडायचं नाही ही आप्पांची शिस्त होती, आणि आप्पा जाऊन इतकी वर्षं लोटली तरी त्यांच्या शिस्तीनं घर सोडलेलं नव्हतं. सासूबाईंनी हात धुऊन पुन्हा आपलीच खुर्ची धरली. ताई, म्हणजे वहिनीची नणंद, ताटातली उरलेली भाजी चमच्यानं इकडून तिकडे करत होती. तिचा नवरा पाण्याच्या पेल्यात बघत होता. आणि धाकटा दीर, जो महिनोन्महिने या घराकडे फिरकत नसे, तो आज न बोलावता आला होता आणि पोटभर जेवून दात कोरत बसला होता. न बोलावता आला असं निदान वहिनीला वाटत होतं.

दादानं, तिच्या नवऱ्यानं, ताटाला हातसुद्धा लावला नव्हता.

त्याचं कारण साऱ्या देशाला ठाऊक होतं. काल संध्याकाळच्या सोडतीत सहा चेंडू निघाले ते एक, दोन, तीन, चार, पाच आणि सहा. निघताना उलटसुलटच निघाले. चार आधी आला, एक सगळ्यांत शेवटी. पण टीव्हीवरच्या निवेदिकेनं ते क्रमानं लावले आणि पुढे काय बोलावं हेच तिला सुचेना. थोड्याच वेळात गल्लीतली माणसं खिडक्यांतून एकमेकांशी बोलू लागली. लबाडी आहे, दुसरं काय. असं कधी होतं का. आणि ते चेंडू सांभाळणारा माणूस आपल्याच गल्लीत राहतो, हे आठवायला कोणाला फार वेळ लागला नाही.

आठवडाभर देशातल्या दुकानादुकानांतून तिकिटं विकली जात. एकोणपन्नासांतले कुठलेही सहा आकडे निवडायचे, दुकानातलं यंत्र ते छापून हातात द्यायचं. शनिवारी संध्याकाळी विक्री बंद, सगळ्या तिकिटांची नोंद मुख्य कचेरीत कुलूपबंद, आणि मगच सोडत. दादाचं काम सोडतीच्या अगदी आधीचं. चेंडूंचे बरेच संच होते. प्रत्येकाची पेटी वेगळी, पेटीला दोन कुलपं, एक किल्ली दादाकडे आणि दुसरी बाहेरून येणाऱ्या तपासनिसाकडे. आज कुठला संच वापरायचा हे आयत्या वेळी चिठ्ठी काढून ठरे. लॉटरीच्या आधी चेंडूंची लॉटरी, असं धाकटा म्हणायचा. मग दादा हातमोजे घालून एकेक चेंडू काट्यावर ठेवायचा, वजनात केसाइतका फरक असला तरी तो बाजूला काढायचा, आणि सगळे ठीक ठरले की काचेच्या यंत्रात सोडायचा. टीव्हीवर त्याचे हात दिसत, चेहरा कधी दिसत नसे. सासूबाई ते हात बघायला बसत.

आप्पाही याच खात्यातले. त्यांच्या वेळी जाळीचं पिंप होतं आणि ते हातानं फिरवायचं. खात्याचा नियम साधा होता. कर्मचाऱ्यानं तिकीट घ्यायचं नाही, आणि त्याच्याबरोबर एका घरात राहणाऱ्या कोणीही घ्यायचं नाही. आप्पांचं तेवढ्यानं समाधान नव्हतं. एका शनिवारी सासूबाईंनी दारातून दूधवाल्याला "उद्या पाच दे" म्हणून सांगितलं, संध्याकाळी नेमका पाचाचा चेंडू निघाला, आणि समोरची शेजारीण पुढे किती दिवस तेच चघळत राहिली. तेव्हा आप्पांनी फर्मान काढलं, शनिवारी सोडत होईपर्यंत या घरात आकडा उच्चारायचा नाही.

आता आकड्यावाचून घर कसं चालवायचं? तर माणसांवर चालवायचं. आप्पा म्हणजे एक, आई म्हणजे दोन, मग दादा, ताई, धाकटा. शनिवारी या घरात चहात आई चमचे साखर पडायची, दादा वाजता नळाला पाणी यायचं, आणि "धाकटा वाजून गेला, अजून कोणाला चहाची आठवण नाही का" असं सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या. वहिनी लग्न होऊन आली त्या पहिल्याच शनिवारी आप्पांनी तिला सहा करून टाकलं. तिला तेव्हा इतकं बरं वाटलं होतं की ती न्हाणीघरात जाऊन रडली होती. सहाच्या पुढे मात्र बोटं दाखवायची.

ताईचं लग्न झालं तेव्हा जावयाला सात द्यावं असं आप्पांच्या मनात होतं. सासूबाई म्हणाल्या, "सात राहू दे. दादाच्या लेकराला लागेल." ते लेकरू आलंच नाही. सात मोकळा राहिला, आणि तो विषय काढायची कोणाची छाती झाली नाही, कारण काढला असता तर तो वहिनीला लागला असता. जावई बिचारा इतकी वर्षं शनिवारी बोटांवरच राहिला.

"उद्या समिती बसतेय," दादा म्हणाला. "बाहेरची माणसं आहेत. आधी चेंडू तोलतील, मग आम्हाला एकेकाला आत बोलावतील. पहिला मी."

"तोलू देत की," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या चेंडूंत काय निघणार?"

"काही निघणार नाही. कुठलेही सहा निघतात तसेच हे निघाले. लोकांना ते ओळखीचे वाटले, एवढंच."

"मग झालं तर."

"चेंडूंचं झालं. मग विचारतील, तुमच्या घरात कोणी तिकीट घेतलं होतं का."

धाकटा हसला. "आपल्या घरात? आप्पा वरून खाली उतरतील." पण हसता हसता त्यानं ताईकडे पाहिलं, आणि ताईनं नवऱ्याच्या कोपराला हळूच हात लावला. जावयानं खिशातून चष्म्याची डबी काढली. त्याचं चष्म्याचं दुकान बंद पडलं तेव्हापासून ती दोघं इथं मागच्या खोलीत राहत होती आणि तो मालगोदामात कामाला जात होता. दुकानाची आठवण म्हणून ही डबी तेवढी त्याच्याजवळ राहिली होती. डबीतून त्यानं घडी घातलेलं तिकीट काढलं आणि ताटांच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवलं.

वहिनीला आधी वाटलं, जुनं असेल. मग तिनं आकडे वाचले. एक ते सहा, ओळीनं.

दादानं टेबलावरचे आपले दोन्ही हात उचलून मांडीवर घेतले. तिकिटाला चुकूनही बोट लागू नये असं त्याला वाटत असावं.

"कधी घेतलंत, भाऊजी?"

"शुक्रवारी. दर शुक्रवारीच घेतो. गोदामाच्या फाटकाशी दुकान आहे, तिथून."

"आणि नियम माहीत नव्हता?"

"होता की. आमच्या घरी होतो तोवर चालत होतं, इथं राहायला आल्यापासून चालत नाही. सगळं माहीत होतं, दादा. फक्त लागेल हे माहीत नव्हतं."

मग धाकट्यानं खुर्ची पुढे ओढली. त्यानं तोंड उघडताच वहिनीच्या लक्षात आलं की तो हे सगळं घोकून आला आहे.

"हे बघ दादा, डोकं शांत ठेव. तिकिटावर नाव नसतं. जो दाखवेल त्याचं. माझा एक मित्र आहे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहतो. त्याचा नि या घराचा काय संबंध? तो जाऊन दाखवेल. थोडं त्याला देऊ, बाकीचं ताईचं. थोडं माझंही, मी काही साधू नाही."

"आणि मी उद्या काय सांगू?"

"तू नेहमीसारखा गप्प बस. ते तुला छान जमतं."

"तुम्हाला कधी कळलं, धाकटे भाऊजी?" वहिनीनं विचारलं.

उत्तर ताईनंच दिलं. "मीच काल फोन केला त्याला. तुम्हाला काय सांगणार होते, वहिनी? तुम्ही दादाच्याच बाजूच्या."

म्हणजे काल दादा अंधारात खुर्चीत बसून होता आणि वहिनी त्याच्या शेजारी चहाचा कप धरून उभी होती, तेव्हा मागच्या खोलीत फोन चालला होता. आज सकाळी दोघींनी मिळून स्वयंपाक केला होता. ताईनं भाजी चिरली होती, झोप बरी लागली म्हणाली होती. वहिनीला राग आला नाही, वाईट वाटलं. नणंद-भावजयीत जे असतं असं लोक म्हणतात ते या दोघींत कधी नव्हतं, आणि ते आता कुठून आलं हे तिला कळेना.

सगळ्यांचे डोळे सासूबाईंकडे गेले. आता त्या कडाडणार, आप्पांचं नाव घेणार, तिकीट उचलून भिरकावणार, असं वहिनी धरून चालली होती. सासूबाईंनी तिकीट उचललं, पण चष्मा लावून ते वाचलं. हा चष्माही जावयानंच करून दिलेला.

"पहिल्या बक्षिसाचे बरेच असतात ना रे?"

"आई," दादा म्हणाला.

"नुसतं विचारते आहे." त्यांनी तिकीट तळहातावर सपाट केलं. "तुझे आप्पा जन्मभर नियम नियम करत राहिले आणि पायातल्या चपला शिवून शिवून वापरल्या. मी कधी बोलले नाही. पण माझी पोरगी मागच्या खोलीत पेट्यासुद्धा न उघडता राहतेय. पलंगाखाली आहेत तशा पेट्या आहेत. तुला दिसत नाही, मला दिसतं. एवढं एकदा तू गप्प राहिलास तर कोणाचं काय जातंय?"

"माझं जातंय."

"तुझं काय जाणार आहे? सरकारी चाकरी आहे तुझी."

ताईनं आईच्या हातावर हात ठेवला. धाकटा आईच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. टेबलाच्या त्या बाजूला चौघं झाले आणि या बाजूला दादा. वहिनी मधे ताटं गोळा करत होती, आणि ताटं गोळा करणाऱ्या बाईला बाजू निवडावी लागत नाही हे तिला त्या घडीला बरंच वाटलं.

दादानं आईकडे पाहिलं. मग त्यानं विचारलं, "किती जणांनी हे आकडे लावले असतील, काही अंदाज आहे?"

"कोण लावतंय असले वेड्यासारखे?" धाकटा म्हणाला.

"हजारो माणसं. दर आठवड्याला. कोणाला विचार करायचा कंटाळा असतो, कोणाला वाटतं हे कोणीच लावणार नाही. कोणी नुसतं मजा म्हणून. आमच्याकडे सगळी नोंद असते. एक ते सहा लावणारे इतके असतात की आम्ही आपसात म्हणायचो, हे कधी न निघोत." तो आवाज न चढवता बोलत होता. "बक्षिसाची रक्कम एकच असते. तिकीटविक्रीतला ठरलेला हिस्सा. कोणाचं जुळलं नाही तर ती पुढच्या आठवड्यात जाते, एकाचं जुळलं तर सगळी त्याची, आणि हजारोंचं जुळलं तर त्या हजारोंत सारखी वाटायची. आज संध्याकाळी जाहीर करतील. आई, एक बरंसं कपाट येईल त्यात. आरशाचं हवं असेल तर पदरचे घालावे लागतील."

धाकट्यानं आईच्या खुर्चीवरचा हात काढला. थोड्या वेळानं तो पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसला. त्याच्या मित्राचं नाव त्यानंतर निघालं नाही.

ताईचा चेहरा वहिनीला बघवेना. कालपासून तिनं मनात काय काय मांडलं असेल. दुकान पुन्हा उघडलं असेल, खिडक्यांना पडदे लावले असतील, पेट्या रिकाम्या केल्या असतील.

"मग जाळून टाका ते," सासूबाई म्हणाल्या.

"का म्हणून?" ताईनं तिकिटाकडे हात नेला. "कपाट तर कपाट. आमचं आहे ते."

"कपाटासाठी भावाच्या तोंडाला काळं फासतेस?"

"मघाशी तर तूच सांगत होतीस ना त्याला गप्प राहायला?"

"मघाशी गोष्ट वेगळी होती."

"वेगळी कशी, आई? नियम तोच, दादा तोच, मीही तीच. मघाशी रक्कम मोठी होती, एवढंच ना?"

सासूबाईंनी पदर सारखा केला.

"भाऊजी," वहिनीनं विचारलं, "पण हेच आकडे का लावलेत?"

जावई पहिल्यांदा वर बघून बोलला. "इथं राहायला आलो त्या शनिवारी जेवायला बसलो होतो. आई म्हणाल्या, दादाला जायचंय, आत्ताच जेवून घ्या, वहिनी वाजली. तुम्ही सगळे हसलात. मीही हसलो. मग तिकीट घ्यायला गेलो तर दुसरे आकडे सुचेचनात. आप्पा, आई, दादा, ही, धाकटा, वहिनी. सगळं घर एका ओळीत. लागावं म्हणून नाही हो लावले. खिशात असलेलं बरं वाटायचं."

वहिनीनं हातातली ताटं खाली ठेवली. सात तुम्ही घ्या, एवढंच म्हणायचं होतं, आणि ते म्हणणं तिच्याच हातात होतं. तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाला ते म्हणता येण्यासारखं नव्हतं. इतके शनिवार आले नि गेले. दर शनिवारी तिच्या मनात यायचं, आणि दर शनिवारी वाटायचं, अजून एक वर्ष वाट बघू. वाट बघण्याचं वय उलटल्यावरही ती सवयीनं वाट बघत राहिली होती.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. ताईच्या बोटांतून त्यांनी तिकीट ओढून घेतलं, शेगडीपाशी गेल्या, गॅस पेटवला आणि तिकीट चिमट्यात धरलं. ताई ओरडली नाही. कागद तो केवढा, बघता बघता संपला. सासूबाईंनी राख नळाखाली धरून वाहवून टाकली आणि हात पुसत परत आल्या.

"झालं. आता विचारलं तर सांग, घरात तिकीट नाही. हे खोटं नाही."

"ते 'आहे का' विचारणार नाहीत, आई. 'घेतलं होतं का' विचारतील."

"मग नाही म्हण," धाकटा म्हणाला. "आता पुरावा कसला? तू नाही म्हटलंस की विषय संपला."

ताई तोंड फिरवून म्हणाली, "नाहीच म्हण. निदान यांच्या कामावर तरी गदा नको."

दादानं वहिनीकडे पाहिलं. त्याला काय हवं होतं हे तिला नीट कळलं. या खोलीतल्या एका तरी माणसानं, जे आहे ते सांग, असं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि तिच्या डोळ्यांपुढे गल्लीतल्या खिडक्या आल्या, टीव्हीवर दिसणारे त्याचे हात आले. संसारात पहिल्यांदाच तिला मनापासून वाटलं की या माणसानं एकदा खोटं बोलावं.

"अहो," ती म्हणाली, "नाही म्हणा."

तो होकारार्थी मान हलवून उठला आणि आपल्या खोलीत गेला. तिचं उष्टी ताटं उचलण्याचं काम अजून तसंच पडलं होतं.

सोमवारी तो भलताच लवकर घरी आला. हातात पिशवी होती आणि पिशवीत कचेरीतला त्याचा चहाचा कप आणि तिथं घालायच्या सपाता होत्या. सासूबाई, ताई, वहिनी तिघी दारातच उभ्या राहिल्या. जावई सकाळची पाळी संपवून नुकताच आला होता आणि मागच्या खोलीत कपडे बदलत होता.

"किल्ली देऊन आलो," दादा म्हणाला.

"चेंडूंत काही निघालं?" वहिनीनं विचारलं.

"काही नाही. सगळे बरोबर भरले."

"मग?"

तो खुर्चीत बसला. पाणी मागितलं, पण आणलेलं पाणी त्यानं हातातच धरून ठेवलं.

"नाहीच म्हणणार होतो. वाटेत घोकत गेलो होतो. पण त्यांनी आधी ते विचारलंच नाही. समितीत एक बाई होत्या, चांगल्या होत्या बिचाऱ्या. त्यांनी विचारलं, तुमच्या घरात माणसं किती? आता एवढं साधं. मी मनात मोजायला लागलो. आई, मी, ही, ताई. चार म्हणायचं आणि थांबायचं, एवढंच होतं. भाऊजी आमच्याकडे राहतच नाहीत, जुन्या घरी राहतात, असं म्हटलं की सगळं सुटत होतं. तोंडापर्यंत चार आलं." त्यानं पेला खाली ठेवला. "मग मला काल भाऊजी बोलले ते आठवलं. नाही आलं थांबता. मी म्हटलं, पाच."

मागच्या खोलीच्या दारात जावई शर्टाची बटणं लावता लावता उभा राहिला होता.

"पाच म्हटल्यावर त्यांनी पाचवा कोण म्हणून विचारलं. तो काय करतो, तिकीट घेतो का. सांगितलं सगळं. म्हणाले, तिकीट दाखवा. एकच तिकीट, त्यावर एकच ओळ, बक्षीस मागायलाही कोणी गेलं नाही. लबाडी करणारा माणूस एका कपाटासाठी करेल का, असं मी म्हणणार होतो. पण दाखवायला कागद कुठं होता? जाळलं म्हणालो. मग त्या बाईंनीसुद्धा माझ्याकडे वर पाहिलं नाही."

सासूबाई स्वयंपाकघराकडे बघत राहिल्या. आपण शेगडीपाशी काय करून बसलो हे त्यांना आता कळत होतं, आणि ते कोणी बोलून दाखवलं नाही म्हणून ते कमी होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन वर्तमानपत्रांत जावयाचा फोटो आला, दुकानाच्या पाटीखालचा, जुना. गोदामाच्या मुकादमानं त्याला फाटकावरूनच परत पाठवलं. गल्लीतल्या लोकांनी त्याला थांबवून पुढच्या शनिवारचे आकडे विचारले. काहींनी थट्टेनं विचारले, काहींनी खरोखरच.

बुधवारी ताईनं पलंगाखालच्या पेट्या ओढून काढल्या. उघडलेल्याच नव्हत्या, त्यामुळे भरायचं काही नव्हतं. जावयाच्या एका चुलत बहिणीकडे दूरच्या गावी जागा होती, तिकडे ती दोघं निघाली होती. वहिनीनं एक पेटी उचलायला हात लावला तर ताईनं ती आपल्याकडे ओढून घेतली.

"दादा," ती दारात उभी राहून म्हणाली, "इतकी वर्षं या घरात माझ्या नवऱ्याला कोणी मोजलं नाही. मोजलंस ते तिथं."

दादा मेहुण्याला घरात धरून खरं बोलला होता आणि त्या खऱ्यानं मेहुणाच बुडाला होता. जावई जिन्यावरून पुन्हा वर आला, चष्म्याची डबी विसरली होती ती घेतली आणि जाता जाता दादासमोर थांबला.

"पाचवा म्हणालात ना?"

"हो."

"म्हणजे मी धाकटा झालो." तो किंचित हसला. ताईनं खालून हाक मारली आणि तो घाईनं उतरून गेला. धाकटा त्या आठवड्यात आला नाही आणि त्याचा फोनही आला नाही.

शनिवार आला. वहिनीनं सकाळी सवयीनं चहात आई चमचे साखर घातली. दिवसभर घरात फारसं कोणी बोललं नाही, त्यामुळे आकडा टाळायची वेळही आली नाही. दादा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शनिवारी संध्याकाळी घरी होता. हातांचं काय करावं हे त्याला समजत नव्हतं. त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

टीव्ही बंद होता. सोडतीची वेळ जवळ आली होती. थोड्या वेळानं दुसऱ्याच कोणाचे तरी हात हातमोजे घालून चेंडू सोडणार होते.

आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "किती वाजले ग?"

वहिनीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि एका हाताची पाच, दुसऱ्या हाताची दोन बोटं वर केली. सासूबाई आतल्या खोलीत पडून आहेत, त्यांना बोटं दिसणार नाहीत, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. दादाला ती दिसली. तो तिच्या हातांकडे बघत राहिला, मग त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"सात," तो आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाला. "सात वाजले, आई."

आत पलंग करकरला. मग सासूबाई म्हणाल्या, बरं. वहिनीनं बोटं मिटली आणि ती कणीक मळायला आत गेली.